चावा आणि लाथ यांच्या आधीचे पाच सेकंद : घोड्याची खोड कशी सुधारावी

“घोडा अचानक चावला” किंवा “काही कारण नसताना त्याने लाथ मारली” असे सांगणाऱ्या माणसाला त्या घटनेच्या आधीच्या पाच सेकंदांविषयी विचारले, तर बहुधा त्याला काहीच सांगता येत नाही, कारण त्या पाच सेकंदांत तो घोड्याकडे पाहतच नसतो. तो खोगिराचा तंग आवळत असतो, खूर साफ करण्यासाठी वाकलेला असतो किंवा मोहरकी (घोड्याच्या तोंडावरची दोरीची मुसकी) हातात धरून शेजारच्याशी बोलत असतो. घोड्याने मात्र तेवढ्या वेळात बरेच काही केलेले असते. त्याने कान मागे दाबून मानेला चिकटवलेले असतात, नाकपुड्यांच्या वरची कातडी आवळलेली असते, शेपटी एकदोनदा फटकारलेली असते, किंवा एका मागच्या पायावरचा भार काढून तो पाय मोकळा करून ठेवलेला असतो. यातल्या कशाचाही उपयोग झाला नाही, म्हणून शेवटी दात किंवा खूर पुढे येतो. घोड्याची ही खोड सुधारायची असेल, तर बहुतेक काम या शेवटच्या कृतीच्या आधी करावे लागते. कृती घडून गेल्यावर करण्यासारखे फार थोडे उरते.

चावणे आणि लाथ मारणे यांचा उल्लेख नेहमी एका दमात केला जातो, तरी मुळात त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे आणि संकट आले की पळून जाणे हा त्याचा पहिला उपाय असतो. तो बांधलेला असेल, अरुंद ठाणात कोंडलेला असेल किंवा संकट अगदी पाठीशी येऊन ठेपले असेल, तर पळता येत नाही आणि मग तो मागचे पाय झाडतो. म्हणजे लाथेचा अर्थ बहुतेक वेळा “दूर हो” एवढाच असतो. चाव्याचे अर्थ मात्र अनेक असतात. शिंगरे खेळताना एकमेकांचे पाय आणि मान दातांनी पकडतात, ओळखीचे घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांची पाठ आणि मानेचे बूड दातांनी खाजवतात, नर मादीला हलके चावे घेत जवळ येतो, आणि चंदीवरून (दाण्याच्या खुराकावरून) भांडण झाले की त्याच दातांनी दुसऱ्याचे कातडेही सोलले जाते. म्हणूनच घोडा चावला असे कळल्यावर पहिला प्रश्न “कसा चावला” हा असायला हवा. ओठांनी चाचपत, कान पुढे ठेवून बाही ओढणारा घोडा आणि कान मागे दाबून, मान सापासारखी पुढे फेकत झेपावणारा घोडा यांच्यावरचा उपाय एकच असू शकत नाही.

येथेच एक गैरसमज दूर करायला हवा. लहान शिंगरू मोठ्या घोड्यासमोर आले की काही वेळा मान पुढे करून तोंड उघडझाप करते आणि दात एकमेकांवर आपटते. हे चावणे नव्हे. “मी लहान आहे, मला मारू नकोस” अशी ती विनवणी असते. माणसासमोर तसे करणाऱ्या शिंगराला थप्पड बसली, तर त्याची विनवणीच व्यर्थ ठरते.

दुसरा गैरसमज अधिक खोलवर रुजलेला आहे. कळपात एक घोडा वरचढ असतो आणि बाकीचे त्याला दबून राहतात, तेव्हा माणसानेही घोड्यावर वर्चस्व गाजवले पाहिजे आणि चावणारा घोडा त्या वर्चस्वालाच आव्हान देत असतो, अशी ही समजूत आहे. कळपात उतरंड असते हे खरे, पण ती प्रामुख्याने चारा, पाणी आणि जागा यांच्यापुरती असते आणि तिथेही बहुतेक वाद कान मागे घेणे, मान फेकणे किंवा पाठ वळवणे एवढ्यावरच मिटतात. माणूस चार पायांचा नाही, त्याला शेपूट नाही आणि त्याचे कान हलत नाहीत. घोडा त्याला आपल्या उतरंडीत बसवतो असे मानण्यास भक्कम आधार नाही. शिवाय या समजुतीचा व्यवहारातला परिणाम वाईट होतो, कारण ज्या घोड्याचे पोट दुखत आहे, त्याच्या वागण्यात मालकाला बंडखोरी दिसू लागते आणि उपचाराऐवजी चाबूक पुढे येतो.

आधी दुखणे तपासावे

वागण्यात बदल झालेल्या घोड्याला शिकवायला घेण्यापूर्वी पशुवैद्याला दाखवणे हा या साऱ्या कामाचा पाया आहे. पूर्वी शांत असलेला घोडा काही आठवड्यांत चावरा झाला असेल, तर या नियमाला अपवाद करू नये.

सर्वांत जास्त नजरेआड होणारे दुखणे पोटाचे असते. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास स्रवत राहते, मग तो खात असो वा नसो. त्या आम्लाची धार कमी करणारी लाळ मात्र तो चघळत असतानाच सुटते. मोकळ्या माळावर दिवसाचे सोळा-सोळा तास चरणाऱ्या प्राण्यासाठी ही रचना योग्य आहे. दिवसातून दोन वेळा चंदी आणि मध्ये अनेक तास रिकामी गव्हाण अशा व्यवस्थेत मात्र तेच आम्ल जठराच्या वरच्या भागाच्या नाजूक अस्तराला जाळते आणि व्रण होतात. अशा घोड्याच्या पोटाभोवती तंग आवळला किंवा बरगड्यांच्या खाली खरारा फिरला, की तो वळून चावतो अथवा मागचा पाय पुढे आणून बाजूला झटका देतो. तंग बांधतानाच चावणारे घोडे “नाटकी” असतात असे अनेक जण म्हणतात. माझ्या मते अशा प्रत्येक घोड्याकडे, तपासणी होईपर्यंत, दुखणाईत म्हणूनच पाहावे. व्रण आहेत की नाहीत याचा निश्चित निर्णय जठरात दुर्बीण घालूनच होतो, वरून पाहून होत नाही.

दुसरे ठिकाण तोंड. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे दाढांची झीज सारखी होत नाही आणि वरच्या दाढांच्या बाहेरच्या व खालच्या दाढांच्या आतल्या कडा धारदार होऊन गाल व जीभ कापतात. लगामाच्या ओढीने त्या जखमा आणखी चिघळतात. सुमारे अडीच ते साडेचार-पाच वर्षांच्या वयात दुधाचे दात पडून कायमचे येत असतात, आणि त्या काळात तरुण घोडा हाताला लागेल ते चघळू पाहतो. वर्षातून किमान एकदा दात तपासून कडा घासून घेतल्या, तर चावण्याच्या काही तक्रारी तेवढ्यानेच मिटतात.

त्यानंतर खोगीर, पाठ आणि पाय पाहावेत. वर्षभरापूर्वी नीट बसणारे खोगीर घोड्याचे वजन बदलल्यावर मानेच्या बुडाशी रुतू शकते. पाठीच्या कण्यावरून दोन्ही बाजूंना बोटे दाबत नेली आणि एखाद्या जागी कातडी थरथरली किंवा पाठ खाली झुकली, तर तिथे दुखते आहे असे समजावे. मागचा पाय वर उचलू न देणारा घोडा काही वेळा केवळ सांधा दुखतो म्हणून तो हिसकावून घेत असतो. जितका वेळ आणि जितक्या उंचीवर नालबंद तो पाय धरून ठेवतो, तितके त्याला असह्य होते. घोडीच्या बाबतीत अंडाशयही लक्षात घ्यावे लागते, कारण तिथल्या एका प्रकारच्या गाठीमुळे घोडी चक्क वळू घोड्यासारखी आक्रमक होते. दृष्टी मंदावलेला घोडा स्पर्शाला दचकतो आणि दचकून लाथ मारतो.

स्वाराखाली असलेला घोडा दुखणे कसे दाखवतो यावर इंग्लंडमधील पशुवैद्य सू डायसन यांनी केलेले काम येथे उपयोगी पडते. त्यांनी अशा 24 वर्तनांची यादी तयार केली, ज्यांत कान बराच वेळ मागे ठेवणे, तोंड वारंवार उघडणे, शेपटी सतत फटकारणे, डोके झटकत राहणे अशा गोष्टी येतात. यांपैकी 8 किंवा त्याहून अधिक एकाच वेळी दिसली, तर घोड्याच्या हाडा-स्नायूंत कुठेतरी दुखत असण्याची शक्यता बरीच असते. एकटेदुकटे लक्षण काही सिद्ध करत नाही, पण यादी हातात असली की “खोडकर आहे” या शब्दाचा मोह टाळता येतो.

दोन गोष्टी मात्र तातडीच्या आहेत. घोडा स्वतःच्याच पोटाला मागच्या पायाने मारत असेल, वळून वळून कुशीकडे पाहत असेल, लोळत असेल, तर ते वर्तन नसून पोटशूळ असतो आणि तासाभराचा उशीरही महागात पडू शकतो. आणि शांत घोडा एकाएकी दिसेल त्याला चावू लागला, त्याची चाल अडखळू लागली, गिळणे जमेनासे झाले, तर पिसाळण्याच्या रोगाचा (रेबीजचा) विचार आधी करावा. अशा घोड्याच्या तोंडात हात घालू नये, त्याला वेगळे ठेवावे आणि पशुवैद्याला बोलवावे.

घोडा शिकतो कसा

दुखणे नाही, किंवा होते आणि बरे झाले, तरी सवय उरते. ती बदलण्यासाठी घोडा शिकतो कसा हे माहीत असायला हवे. तत्त्व साधे आहे: एखादी कृती केल्यावर लगेच हवे ते मिळाले किंवा नको ते टळले, तर ती कृती घोडा पुन्हा करतो. यातला “लगेच” हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. घोडा चावतो, माणूस दचकून मागे सरतो, तंग सैल पडतो. घोड्याच्या दृष्टीने चाव्याचे काम झाले. नंतर माणसाने चार-पाच सेकंदांनी चाबूक आणून दोन फटके दिले, तर ते फटके घोडा चाव्याशी जोडत नाही. त्या क्षणी तो जे करत असेल, म्हणजे बहुधा नुसता उभा असेल, त्याच्याशी आणि त्या माणसाशी जोडतो. तीन सेकंदांच्या आत शिक्षा करावी असा एक नियम बराच प्रचलित आहे. मला तो फसवा वाटतो, कारण तीन सेकंद हाच घोड्यासाठी मोठा काळ आहे, आणि त्यापेक्षाही मोठी अडचण म्हणजे त्या नियमाने माणसाचे सगळे लक्ष चाव्यानंतरच्या काळाकडे वळते.

शिक्षेचा आणखी एक तोटा सहज ध्यानात येत नाही. कान मागे घेतले म्हणून ओरडा, दात दाखवले म्हणून थप्पड, असे होत राहिले, तर घोडा कान मागे घेणे आणि दात दाखवणे सोडून देतो. त्याची भीती किंवा वेदना मात्र जिथल्या तिथे राहते. मग एक दिवस तो कोणतीही सूचना न देता थेट चावतो. “हा घोडा काही कळू देत नाही” अशी ख्याती असलेल्या पुष्कळ घोड्यांना ते कळू न देणे माणसांनीच शिकवलेले असते.

घोडा माणसाच्या शरीरातल्या किती बारीक हालचाली टिपतो याचे प्रसिद्ध उदाहरण जर्मनीतल्या हान्स नावाच्या घोड्याचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा मालक विल्हेल्म फॉन ऑस्टेन बर्लिनमध्ये त्याला गणिते घालत असे आणि हान्स खूर आपटून अचूक उत्तरे देत असे. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने 1907 मध्ये दाखवून दिले की घोड्याला गणित येत नव्हते. आपटण्याची संख्या योग्य उत्तराशी पोहोचताच प्रश्न विचारणाऱ्याचे डोके आणि चेहरा नकळत किंचित हलत असे आणि हान्स तेथे थांबत असे. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, तर हान्सही चुकत असे. ज्या प्राण्याला डोक्याची एवढीशी हालचाल दिसते, त्याला तंग उचलणाऱ्या माणसाच्या खांद्यातला ताण, रोखलेला श्वास आणि चाव्याच्या भीतीने आधीच मागे घेतलेला हात दिसणारच. ती भीती लपवता येत नाही. तेव्हा अशी जागा आणि असे अंतर निवडावे, जिथे भीती वाटण्याचे कारणच उरणार नाही.

चावण्यावर काम

हातातून खाऊ देण्याची सवय ही चाव्याची सर्वांत सोपी सुरुवात असते. घोडा खिसा हुंगतो, माणूस हसून तुकडा देतो, दुसऱ्या दिवशी घोडा खिसा ओढतो, आणि तिसऱ्या दिवशी खिशासोबत मांडीही त्याच्या दातांत येते. खाऊ पूर्ण बंद करून तो फक्त बादलीत देणे हा एक मार्ग आहे आणि लहान मुले किंवा अनेक वेगवेगळी माणसे घोड्याजवळ येत असतील, तर तोच निवडावा. दुसरा मार्ग थोडा कष्टाचा आहे, पण टिकाऊ आहे. घोडा आणि माणूस यांच्यामध्ये अडसर किंवा कुंपण ठेवून उभे राहावे, घोडा खिशाकडे तोंड आणत राहील तोवर स्तब्ध राहावे, आणि कंटाळून त्याने तोंड सरळ समोर किंवा पलीकडे वळवले की त्याच क्षणी तुकडा द्यावा, तोही त्याचे तोंड सरळ असताना, हात लांब करून. “तोंड दूर नेले की खाऊ मिळतो” हे बहुतेक घोड्यांना थोड्या बैठकांत उमगते. मधल्या काळात एक टप्पा असा येतो की घोडा अधिक जोराने खिसा ओढू पाहतो, कारण आजवर चालत आलेली युक्ती अचानक चालेनाशी झालेली असते. माणसाने नेमकी तेव्हाच हार मानून तुकडा दिला, तर घोडा “जास्त जोर लावावा” हा धडा पक्का करतो.

तरुण नर घोड्यांचे चोरटे चावे वेगळे असतात. त्यात खेळ असतो, आणि नाकावर चापट मारणे हा त्याच खेळातला पुढचा डाव ठरतो: घोडा चावून झटकन मान मागे घेतो, माणूस हात उगारतो, पुन्हा घोडा चावतो. काही आठवड्यांनी दोघेही चपळ होतात आणि चावा तसाच राहतो. भर म्हणून घोडा आता चेहऱ्याजवळ आलेल्या प्रत्येक हाताला बुजतो आणि मोहरकी चढवणेही अवघड होते. त्याऐवजी हाताच्या अंतराचा एक घेरा मनाशी ठरवावा. घोड्याचे नाक त्या घेऱ्यात शिरताच, दात उघडण्याच्या आधी, मोहरकीला मागे हलका दाब देऊन त्याला दोन पावले मागे घ्यावे आणि तो मागे सरताच दाब पूर्ण सोडावा. राग नको, ओरडा नको, पण सूटही नको. तो मान सरळ ठेवून उभा राहिला की मानेच्या बुडाशी, जिथे आयाळ संपते तिथे, नखांनी खाजवावे. घोडे एकमेकांना नेमके तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवल्याने घोड्याच्या हृदयाची गती मंदावते हे 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून दिसले आहे. मानेवर थापटणे आपल्याला मायेचे वाटते, पण घोड्याच्या भाषेत थापटण्याला तसा अर्थ नाही. अशा तरुण घोड्याला इतर घोड्यांसोबत मोकळे सोडणे हाही उपचाराचाच भाग आहे, कारण जोरात चावले की खेळ थांबतो हा धडा मोठा घोडा ज्या अचूक वेळी देतो, तशी वेळ माणसाला साधत नाही. माणसांच्याच सहवासात, दुसऱ्या घोड्याचे तोंडही न पाहता वाढलेली अनाथ शिंगरे मोठेपणी धोकादायक होण्याचे एक कारण हेच आहे.

तंगाच्या वेळी चावणाऱ्या घोड्याचे पोट व पाठ तपासून झाल्यावर, जुन्या वेदनेची आठवण पुसावी लागते. पहिल्या दिवशी फक्त तंगाचे टोक पोटाला लावावे आणि लगेच चंदीचा घास द्यावा. कान मागे गेले तर टोक त्याहून हलके लावावे. नंतर तंग आवळायचाही तो एका दमात नव्हे, तर एक भोक, मग दहा-बारा पावले चालवणे, मग दुसरे भोक, अशा क्रमाने. हे कंटाळवाणे आहे याबद्दल वाद नाही.

चंदीच्या वेळी ठाणातून झेपावणाऱ्या घोड्यासाठी व्यवस्था बदलणे शिकवण्यापेक्षा अधिक फळ देते. चंदीच्या आधी भरपूर वैरण द्यावी, शेजारच्या घोड्याचे तोंड दिसणार नाही असा आडोसा करावा, आणि बादली आत जाण्यापूर्वी घोडा एक पाऊल मागे सरून कान मोकळे करील तोवर थांबावे.

खच्ची न केलेल्या वळू घोड्याचा चावा हा त्याच्या प्रजननाच्या वर्तनाचा भाग असतो. पैदाशीसाठी त्याची गरज नसेल, तर खच्ची करणे हा उपाय विचारात घ्यावा, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. संप्रेरके कमी होऊन वागणे निवळायला काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि वर्षानुवर्षे मुरलेली सवय त्यानंतरही राहू शकते. एकान्तात कोंडून ठेवलेला वळू घोडा सर्वांत चिडका असतो, हे सांगण्यासाठी मात्र संप्रेरकांची गरज नाही.

लाथेवर काम

लाथ समजण्यासाठी घोड्याची नजर समजली पाहिजे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे तो जवळजवळ 350 अंशांचा परिसर पाहतो, पण नेमके शेपटीच्या मागे आणि कपाळाच्या अगदी पुढे त्याला काही दिसत नाही. त्या मागच्या आंधळ्या पट्ट्यातून कुणी गुपचूप आले, तर घोडा ओळख पटण्याची वाट पाहत नाही. म्हणून जवळ जाताना आधी आवाज द्यावा, खांद्याच्या बाजूने जावे, आणि मागून पलीकडे जायचेच असेल तर दोनच पर्याय ठेवावेत: एक तर तीन-चार मीटर लांबून जावे, नाही तर पुठ्ठ्यावर, म्हणजे त्याच्या ढुंगणावर, हात ठेवून, बोलत, अंगाला अगदी चिकटून जावे. लाथेचा जोर पाय पूर्ण लांबतो तेव्हा सर्वाधिक असतो. चिकटून असलेल्याला ढकलल्यासारखा धक्का बसतो, हातभर अंतरावरच्याचे हाड मोडते. मागचा पाय केवळ मागेच जातो असेही समजू नये, तो पुढे येऊन बाजूलाही झटका देऊ शकतो, आणि पुढचे पायही मारता येतात.

विश्रांतीचा पाय आणि धमकीचा पाय यांतला फरक नवख्या माणसाला गोंधळात टाकतो. एक मागचा पाय खुराच्या टोकावर टेकलेला, खालचा ओठ लोंबलेला, कान बाजूला ढिले, डोळे अर्धे मिटलेले, असा घोडा पेंगत असतो. तोच पाय तसाच टेकलेला, पण शेपटी दाबून धरलेली, कान मागे आणि पुठ्ठा हळूहळू आपल्याकडे वळत असेल, तर तिथून निघावे.

भीतीने लाथ मारणाऱ्या घोड्याला स्पर्शाची सवय लावताना हाताऐवजी लांब काठी वापरावी आणि तिच्या टोकाला मऊ कापड किंवा कापूस भरलेला हातमोजा बांधावा. काठी आधी खांद्यावर, मग पाठीवर, मग पुठ्ठ्यावर, मग मांडीवरून खाली, असा प्रवास करायचा, आणि घोडा ताठरेल त्याच्या किंचित आधी थांबायचे. कापड पायावर असताना त्याने पाय झाडला तर ते काढू नये, जमेल तितके तिथेच ठेवावे, आणि पाय स्थिर झाला की त्या क्षणी काढावे. पाय झाडल्यावर काठी दूर झाली, तर आपण लाथ मारायलाच शिकवत असतो. मात्र घोडा पुन्हा पुन्हा झाडतच असेल, तर आपण घाई केली आहे असा त्याचा अर्थ घ्यावा आणि दोन टप्पे मागे जावे. त्याला बांधून, घाबरून थकेपर्यंत ते कापड अंगावर आपटत राहणे हा वेगळाच प्रकार आहे. त्यातून घोडा शांत होत नाही, हताश होतो, आणि हताश घोड्याची शांतता नव्या जागी टिकत नाही.

पाय उचलण्याचेही तसेच. प्रथम पायावरचा भार हलणे एवढ्यालाच बक्षीस, मग खूर एक सेकंद वर, मग दोन सेकंद. पाय खाली ठेवायचा तो आपण, घोडा ओढून घेईल तेव्हा नव्हे. त्यासाठी तो ओढण्याच्या आधीच ठेवणे हेच शहाणपण. नालबंद येण्याच्या दिवशी ही शिकवणी सुरू करणे सर्वांवरच अन्याय करणारे आहे.

नालबंद किंवा पशुवैद्य काम करत असताना मोहरकी धरणाऱ्याने त्यांच्याच बाजूला उभे राहावे, हा नियम अनेकांना माहीत नसतो आणि त्यापायी इजा होतात. घोडा लाथ मारणार असे वाटताच त्याचे डोके आपल्याकडे ओढले, की त्याचा पुठ्ठा पलीकडे फिरतो आणि त्या बाजूची दोन्ही माणसे खुरांपासून दूर होतात. धरणारा विरुद्ध बाजूला असेल, तर तीच ओढ पुठ्ठा नालबंदावर आणून घालते.

ठाणाच्या भिंतीवर लाथा मारणारा घोडा बहुधा प्रशिक्षित असतो, फक्त त्याचे प्रशिक्षण नकळत झालेले असते. तो लाथा मारतो, गोंगाट थांबावा म्हणून मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) त्याला आधी चंदी देतो, आणि दोघेही आपापल्या परीने यशस्वी होतात. भिंतीला जाड रबर लावावे म्हणजे आवाजही होत नाही आणि सांधेही बचावतात. चंदी चारही खूर जमिनीवर असतानाच द्यावी. दिवसातला मोकळ्यावर राहण्याचा वेळ वाढवावा. पायाला साखळी बांधणे, जी लाथ मारताच पायावर आपटते, हा उपाय मी सुचवणार नाही, कारण त्याने पायाला इजा होते आणि कंटाळा किंवा भूक हे मूळ कारण तसेच राहते.

स्वाराखाली दुसऱ्या घोड्यांवर दुगाण्या झाडणाऱ्या घोड्याला अंतर द्यावे: पुढच्या घोड्यापासून किमान एक घोडालांबी, अनोळखी घोडा मागे असेल तर त्याहून बरेच अधिक. लाथाळ घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधण्याची पद्धत अनेक देशांतल्या घोडेस्वारांत आहे. तिने खोड जात नाही, पण मागचा स्वार सावध होतो. शर्यत जिंकणाऱ्या किंवा कामाला उत्तम असलेल्या घोड्याच्या बाबतीत “दुभत्या गाईच्या लाथा गोड” या न्यायाने काणाडोळा केला जातो. गाईची लाथ बादली सांडते. घोडा चार-पाचशे किलोंचा असतो आणि त्याच्या खुराला लोखंड ठोकलेले असते, एवढे ध्यानात ठेवावे.

काम करताना

डोक्यावर शिरस्त्राण, पायात बंद मजबूत बूट, आणि दोर हाताभोवती कधीही न गुंडाळता घड्या घालून धरलेला, एवढी तयारी नसेल तर या घोड्यांजवळ जाऊ नये. शिकवणीची बैठक दहा-पंधरा मिनिटांपेक्षा लांबवू नये, आणि स्वतः चिडलो आहोत असे वाटले तर त्या दिवशी थांबावे. घोड्याने चावा घेतलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व डॉक्टरांना दाखवावी. घोड्याच्या सपाट दातांनी कातडी न फाटताही आतले मांस चिरडले जाते, आणि धनुर्वात व पिसाळण्याचा रोग यांविषयीचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. जो घोडा माणूस दिसताच लांबून धावून येतो, किंवा ज्याने कुणाला जायबंदी केले आहे, तो घरच्या घरी सुधारण्याचा विषय राहत नाही. तिथे वर्तनाची जाण असलेला अनुभवी चाबूकस्वार (घोडे शिकवणारा) आणि पशुवैद्य दोघेही हवेत.

एक वही ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. तारीख, वेळ, घोड्याला शेवटची वैरण केव्हा मिळाली, जवळ कोण होते, कोणती बाजू, आधी काय दिसले आणि नंतर माणसाने काय केले, एवढेच लिहायचे. पंधरा दिवसांच्या नोंदीतून बहुधा एक आकार दिसू लागतो: चावे फक्त सकाळच्या चंदीपूर्वीचे आहेत, किंवा लाथा फक्त डाव्या बाजूने आहेत, किंवा घोडीच्या लाथा साधारण एकवीस दिवसांनी परततात, म्हणजे तिच्या माजाच्या चक्राशी जुळतात. पशुवैद्याला सांगायला यापेक्षा चांगला मजकूर नसतो.

“जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही” ही म्हण घोड्याच्या बाबतीत अर्धीच खरी आहे. खोड सुटते, पण पुसली जात नाही. नवी सवय तिच्यावर रचली जाते. त्यामुळे कित्येक महिने शांत राहिलेला घोडा नव्या जागी, नव्या हातात किंवा मोठ्या खंडानंतर एखाद्या दिवशी पुन्हा दात काढतो. त्यावरून सगळे काम वाया गेले असे समजण्याची गरज नाही. दोन टप्पे मागे जाऊन तेच काम पुन्हा केले, की या वेळी ते पहिल्यापेक्षा कमी दिवसांत होते. आणि घोडा दुसऱ्याच्या हाती देताना तो कोणत्या बाजूने, कशाला आणि कोणती खूण देऊन प्रतिकार करतो, हे त्या माणसाला वहीसह सांगून द्यावे.